तिसरं हाड

रुग्ण: रेस सोडलेला थरोब्रेड घोडा, खच्ची केलेला, वय सहा वर्षं, वजन अंदाजे साडेचारशे किलो. तक्रार: उजवा पुढचा पाय टेकत नाही. गाव धामणगाव रेल्वे तालुक्यातलं, तळेगाव दशासरपासून फार लांब नाही. मी त्या भागात पशुधन विकास अधिकारी आहे. दिवसभर गाईम्हशी, शेळ्या, लसीकरण आणि कागद यांतच जातो, घोडा महिन्यातून एखादा. हे आधीच सांगतो, कारण या प्रकरणात एक चूक माझी आहे आणि ती पहिल्याच दिवशी झाली.

घर कास्तकाराचं. नऊ एकर पऱ्हाटी-तूर, शिवाय वरातीचे दोन घोडे. लग्नसराईत घोडे चांगले पैसे देतात. तिसरा घोडा मुलाने एका दलालाकडून घेतला, 'रेसचा घोडा' म्हणून. मुलाला तो वरातीसाठी नको होता, पळवायला हवा होता. आमच्या भागात ही हौस समजून घ्यावी लागते. इथे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हा जिव्हाळ्याचा विषय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून पोरांच्या बोलण्यात पुन्हा सेकंदच सेकंद. बैलजोडी नसली तर घोडा. एका यात्रेत घोडे पळवतात असं त्याने ऐकलं होतं, म्हणून तीन आठवडे रोज संध्याकाळी गावाच्या डांबरी रस्त्यावर तालीम सुरू होती. वावरात पळवता आलं नसतं, कारण हिवाळ्यात आमची काळी माती भेगाळून दगड होते. डांबर त्याहून बरं असं त्याला वाटलं. घोड्याच्या पायाला दोन्ही सारखेच वाईट.

सोमवारी सकाळी फोन आला. "साहेब, रातच्याले चांगला पयत होता, सकायी पाय टेकत नायी."

गेलो. घोडा बाभळीखाली उभा होता, उजवा पाय थोडा पुढे काढलेला, फक्त खुराचं टोक टेकवून. दहा पावलं चालवला. उजवा पाय जमिनीला लागला की मान वर, डावा लागला की खाली. म्हणजे दुखणं उजव्यातच. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये अंगठा दाबला तर आतलं पाणी दुसरीकडे सरकलं, अर्धवट भरलेल्या फुग्यासारखं. सांधा गरम होता.

ज्याला आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते खरं त्याचं मनगट. त्याचा खरा गुडघा मागच्या पायात, पोटाजवळ. हा शब्दांचा खेळ नाही. आपल्या मनगटात जशी लहान हाडांची दोन रांगांची रचना असते, तशीच इथे आहे. वरच्या रांगेत चार, खालच्या रांगेत साधारण तीन, कधी एखादं बारीक जास्तीचं. या रांगांच्या वर, मध्ये आणि खाली मिळून तीन सांधे. खालचा जवळजवळ हलतच नाही, सगळी घडी वरच्या दोनांत पडते. घोडा भरधाव पळताना, विशेषतः थकल्यावर, हे मनगट सरळ रेषेच्याही थोडं मागे झुकतं आणि पुढच्या कडा एकमेकींवर आपटतात. म्हणून रेसच्या घोड्यात कडांचे टवके उडतात, आणि जोर फारच झाला तर खालच्या रांगेतल्या तिसऱ्या हाडाची पुढची खाप उभी चिरून सुटते. टवका सांध्याच्या एकाच पृष्ठभागाला लागलेला असतो. खाप मात्र वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत आरपार जाते. पुढचा सगळा निर्णय या फरकावर उभा राहतो.

हे सगळं मला त्या सोमवारी माहीत होतं. तरीही अमरावतीच्या मित्राचं, जो कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवतो, हातात धरायचं एक्स-रे मशीन मागवून मी दोनच फिल्म काढल्या: एक समोरून, एक बाजूने. दोन्हींत काही दिसलं नाही. सांध्यात पाणी आहे, हाड शाबूत दिसतंय, म्हणजे मुरगळ. दुखणं आणि सूज कमी करणारं मेलॉक्सिकॅम पाच दिवस, पट्टी, पंधरा दिवस आराम, असं लिहून दिलं. डायक्लोफेनॅक जनावरांना देत नाही. २००६ सालापासून त्यावर बंदी आहे, कारण मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. मेलॉक्सिकॅम त्यांना चालतं. गावातला खाजगी उपचार करणारा अजूनही कधी जुनी बाटली काढतो, हे जाता जाता.

औषध लागू पडलं, आणि घोटाळा तिथेच झाला. चौथ्या दिवशी घोडा चारही पायांवर सरळ उभा. सहाव्या दिवशी जवळच्या गावी वरात होती आणि वरातीच्या दोन घोड्यांपैकी एकाच्या पोटात दुखत होतं. बापाने मला फोन करायचा म्हणून केला, पण उचलायच्या आत बंद केला. हा रेसचा घोडा झूल घालून चार तास डीजेपुढे नाचला. डांबरावर, मागे-पुढे, पुढचा भाग उचलून. रात्री परत आणताना मध्येच थांबला तो हललाच नाही. ट्रॉलीत घालून आणला.

दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं नाही, हे सांगायला मी सोमवारी दोन मिनिटं जास्त दिली असती तर चाललं असतं. 'आराम द्या' हे आमच्याकडे सगळ्याच औषधांबरोबर सांगितलं जातं, म्हणून ते कुणी ऐकत नाही.

मला कळवण्याआधी आजोबांनी त्यांचा उपाय केला. बिब्बा गरम करून गुडघ्याच्या पुढच्या भागावर लावला. डाग द्यायची सळईही तापत होती, तेवढ्यात नातवाने थांबवलं. आजोबांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखऱ्या सांध्यावर आणखी एक जळजळ उठवून रक्त ओढायचं, ही समजूत रेसकोर्सच्या इंग्रजी तबेल्यांतही शेकडो वर्षं होती. तिथेही गुडघ्यावर तापलेल्या लोखंडाने ठिपके काढत आणि फोड उठवणारी मलमं चोळत. फक्त इथे त्याचा तोटा वेगळ्याच जागी झाला. बिब्ब्याचे फोड नेमके तिथेच उठले, जिथून पुढे ऑपरेशनची दुर्बीण सांध्यात घालायची होती.

दुसऱ्या वेळी मी पाच फिल्म काढल्या. चार नेहमीच्या बाजूंच्या आणि पाचवी, जी मी पहिल्यांदा काढली नव्हती. या फिल्मसाठी पाय गुडघ्यात पूर्ण दुमडायचा, प्लेट खाली आडवी धरायची आणि किरण वरून, सुमारे ३० अंशांच्या तिरप्या कोनातून सोडायचा. खालच्या रांगेच्या हाडांवर आकाशातून पाहिल्यासारखं चित्र मिळतं. म्हणून इंग्रजीत त्याला स्कायलाइन म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो. पाय धरायला मुलगा, शिशाचा अॅप्रन आणि हातमोजे घालून. प्लेट धरायला मित्र. घोड्याला झायलाझिनची हलकी गुंगी, तरी दुमडताना तो दोनदा मागे सरकला.

लॅपटॉप बाजेवर ठेवून आम्ही चौघे वाकलो. तिसऱ्या हाडाच्या आतल्या बाजूच्या अर्ध्या भागावर, पुढच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर मागे, एक काळी रेघ. ती या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती आणि मध्ये जरा उघडली होती, दोनेक मिलिमीटर. रेघेच्या मागचं हाड जास्त पांढरं होतं. म्हणजे हाड बऱ्याच आधीपासून मार खात आलं होतं. सतत आदळणारं हाड स्वतःला दाट करत जातं. पण दाट हाडात लवचीकपणा कमी, आणि त्यातून जाणारं रक्तही कमी. शेवटी ते भाजलेल्या मडक्यासारखं तडकतं. डांबरी रस्ता हा शेवटचा धक्का. सुरुवात कुठल्या तरी रेसट्रॅकवर, दोन-तीन वर्षांचं वय असताना झाली असावी. पोराने मान खाली घातली होती. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

आजोबा म्हणाले, "एवढीशी रेघ. थे बी दिसत नायी नीट."

पर्याय तीन. एक, काही न करता चार-सहा महिने बांधून ठेवायचं. हाड कदाचित वेडंवाकडं धरेल, पण खापेची कड सांध्यात वर-खाली राहिली की कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, घासत जाते आणि घोडा कायमचा लंगडा. हिंडता-फिरता राहील, कामाचा नाही. दोन, खाप पातळ असती तर काढून टाकता आली असती. ही एक सेंटिमीटर जाड होती, ती काढली तर सांध्याचा आधारच जातो. तीन, खाप मागच्या हाडाला स्क्रूने आवळायची. मी मनातून तिसऱ्याच्या बाजूचा होतो, पण हेही सांगितलं की ऑपरेशन घोड्याच्या किमतीला पोचेल, आणि घोड्याला पूर्ण भूल देणं हाच एक धोका आहे. साधं, ठरवून केलेलं ऑपरेशन असलं तरी शंभरात एखादा घोडा भुलीत किंवा भुलीतून उठताना जातो. माणसाच्या मानाने हे प्रमाण फार मोठं आहे.

बापाचा प्रश्न नेमका होता: "मंग पयते का?"

पळणार नाही असंच मी धरून चाललो होतो. टवक्याच्या ऑपरेशननंतर साधारण दोन तृतीयांश घोडे पूर्वीच्या पातळीवर रेस खेळतात. हटलेली खाप, दहा दिवस जुनी आणि वर आधीच बिघडलेलं हाड, त्याचं गणित वेगळं. मी म्हटलं, वरातीत चालेल, एवढंच मी बोलू शकतो. त्यांनी थोडा वेळ आपसात बोलून होकार दिला. बोलण्यात कापूस आता विकावा की भावाची वाट पाहावी हाच विषय होता, घोडा नाही.

सहाशेच्या आसपास किलोमीटरवरचं घोड्यांचं एक रुग्णालय तयार झालं. सर्जनने फोनवर बिब्ब्याच्या फोडांचा फोटो मागितला आणि सांगितलं की कातडी पूर्ण कोरडी होईपर्यंत सांधा उघडायचा नाही, जंतू आत गेले तर सगळंच संपेल. म्हणजे एक आठवडा वाया. तोवर खाप हलू नये ही जबाबदारी माझी.

इथे गावानेच साथ दिली. खुरापासून कोपरापर्यंत जाड बँडेज बांधायचं तर कापूस किलोच्या हिशोबात लागतो आणि माझ्या दवाखान्यात पावशेराच्या गुंडाळ्या. गादीवाल्या पिंजाऱ्याकडून स्वच्छ पिंजलेला कापूस आणला, पत्रावळीसारखे थर लावले, प्रत्येक थरावर पट्टी ताणून. बोटाने टिचकी मारली तर पिकलेल्या कलिंगडासारखा आवाज यावा, इतकं घट्ट. फोडांवर आधी तेल न लावलेली निर्जंतुक जाळी. मागून आधाराला सिंचनाचा पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धा केला, कडा कानशीने घासल्या आणि कापसावर पाठीमागून बांधला. सरकारी दवाखान्यात स्प्लिंट नसतो पण पाइप प्रत्येक वावरात पडलेला असतो. धनुर्वाताची लस त्याच दिवशी. घोड्याला धनुर्वात जेवढा सहज होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या जनावराला होत असेल.

न्यायच्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांना विचित्र वाटली. घोडा ट्रकमध्ये तोंड मागे करून उभा केला. पुढचा पाय दुखावलेला असेल तर हेच बरोबर. ड्रायव्हर ब्रेक मारतो तेव्हा अंगाचा भार गाडीच्या तोंडाकडे जातो. घोडा पुढे तोंड करून असेल तर तो भार दुखऱ्या पायावर, मागे तोंड असेल तर ढुंगणावर. छाती आणि मागचा भाग टेकायला आडव्या बल्ल्या, मान मोकळी. समृद्धी महामार्ग सोयीचा पडला, कारण खड्डे नाहीत आणि गाव लागत नाही. दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी आणि मूठभर चारा. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर म्हणायचा, "उलटाच चालला बिचारा."

ऑपरेशन मी काचेपलीकडून नाही, आत उभं राहून पाहिलं. घोडा पाठीवर, चारही पाय वर, उजवा पाय दोरीने छताला अडकवलेला. सांध्यात आधी निर्जंतुक पाणी भरून फुगवतात, मग बोरूएवढी दुर्बीण एका छिद्रातून आणि हत्यार दुसऱ्या छिद्रातून. पडद्यावर खाप दिसली. कूर्चेची पांढरी चकाकी आणि तिच्यातून गेलेली लाल भेग, आजूबाजूला तांदळाच्या कणीएवढे सुटे तुकडे. आधी ते तुकडे काढले, सांधा धुतला.

मग स्क्रू. ही पद्धत सुताराला लगेच कळेल. दोन फळ्या एकमेकींना आवळायच्या असतील तर पुढच्या फळीतलं छिद्र मोकळं ठेवायचं, स्क्रूने चावा फक्त मागच्या फळीत घ्यायचा. दोन्हीकडे चावा घेतला तर फट तशीच राहते. इथे खापेत साडेचार मिलिमीटरचं मोकळं छिद्र, मागच्या हाडात ३.२ मिलिमीटरचं आणि त्यात आटे पाडलेले. स्क्रूचं डोकं हाडाच्या वर उठून सांध्याला घासू नये म्हणून पुढे एक वाटीसारखा खड्डा. स्क्रू फिरवत गेले तसतशी पडद्यावरची लाल भेग बारीक होत गेली. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला ती जवळजवळ दिसेनाशी झाली. एका कोपऱ्यात तुकडे उडाले होते, तिथे कूर्चेत चण्याएवढी खोक राहिली. सर्जनने ती दाखवून नुसती मान हलवली.

खरं पोटात कालवलं ते नंतर. घोडा गाद्या लावलेल्या खोलीत, डोक्याला एक दोर, शेपटीला एक. जवळजवळ तासभर पडून. पहिल्यांदा उठायचा प्रयत्न केला तो कोसळला. एवढी मेहनत करून आवळलेला स्क्रू त्या एका क्षणी तुटू शकतो. दुसऱ्यांदा उठला, लटपटला, दोरांनी धरला आणि उभा राहिला. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला.

नवव्या दिवशी घोडा घरी आला आणि प्रकरण पुन्हा माझ्या हातात. ऑपरेशनने हाड आवळलं होतं, जुळवायचं काम घरातल्यांचं होतं. आणि ते आजूबाजूला कापूस वेचणी चालू असताना. गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूंनी चार मीटर बाय चार मीटरची खोली केली. खाली आधी सोयाबीनचं कुटार टाकलं, ते त्याने दोन दिवसांत खाल्लं. मग आरागिरणीतून लाकडाचा भुसा. दोन आठवडे पूर्ण बंद, मग रोज पाच मिनिटं हाताने चालवणं, दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढ. हरभरा बंद. रेसचा घोडा खुराकाशिवाय भिंती खातो म्हणून आरडाओरड झाली, पण बांधलेल्या घोड्याला खुराक म्हणजे उड्या.

मला भीती दोन गोष्टींची होती. एक डाव्या पायाची. महिनाभर भार एकाच पायावर राहिला तर त्या चांगल्या पायाच्या खुराचा आतला जोडच सुटायला लागतो आणि मग उपाय उरत नाही. म्हणून बापाला शिकवलं: रोज सकाळी खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवायची. नाडी नुसती जाणवली तर ठीक, उड्या मारायला लागली किंवा खूर गरम लागलं तर लगेच फोन. महिन्यात त्याची बोटं माझ्यापेक्षा तयार झाली. दुसरी भीती पोटाची. उभं राहून राहून, कोरडा कडबा खाऊन घोड्याची आतडी मंदावतात. पाचव्या आठवड्यात तसंच झालं, लीद दीड दिवस नाही, मागे वळून पोटाकडे पाहणं. नाकातून नळी टाकून पाणी आणि लिक्विड पॅराफिन, रात्री दोनपर्यंत. पहाटे लीद पडली. त्यानंतर कडबा ओला करूनच दिला.

आठ आठवड्यांनी पुन्हा पाच फिल्म, स्कायलाइनसह. रेघ धूसर झाली होती, स्क्रू जागेवर. पाचव्या महिन्यात रेघ शोधावी लागत होती. चालताना लंगडेपणा नाही. दुलकीत, कडक जमिनीवर, वळताना मात्र किंचित मान उडते. सांध्याच्या पुढच्या कडेला हाडाची एक बारीक टोकदार वाढ दिसू लागली आहे, संधिवाताची सुरुवात. त्या चण्याएवढ्या खोकेचा हा हिशोब. बिब्ब्याचा आठवडा गेला नसता तर ती कमी असती का, यावर सर्जन आणि माझं एकमत नाही. त्यांच्या मते खोक वरातीच्याच रात्री झाली. मला वाटतं थोडी थोडी दोन्हीकडची.

दहाव्या महिन्यात मुलगा आला. यात्रा जवळ होती. "साहेब, नुसता एक राऊंड. हळूच."

मी त्याला लॅपटॉपवर पहिली, दुसरी आणि शेवटची स्कायलाइन शेजारी शेजारी लावून दाखवली. तो बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, स्क्रू कधी काढायचा. काढत नाहीत, म्हटलं, त्रास दिला नाही तर तो राहतो. "म्हंजे थो बी आता घोड्याचाच झाला," म्हणाला, आणि उठला.

घोडा आता वरातीत चालतो, पण दोनच तास, डीजेच्या गाडीपासून पन्नास पावलं पुढे आणि नाचवायचा नाही, हे बोलीतच ठरवून घेतात. कमाई अर्धी. माझ्या गाडीत आता एक्स-रेच्या पेटीबरोबर एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर पाच व्ह्यूंची नावं क्रमाने लिहिली आहेत. स्कायलाइन सगळ्यात वर आहे.